घटस्फोटानंतरची पोटगी: जोडीदाराची वेगळी, मुलाची वेगळी, आणि दोन्ही कशा मिळवायच्या

घटस्फोटाचं प्रकरण सुरू झालं की माहेरी, सासरी, ऑफिसात सगळे एकच विचारतात: "पोटगी किती मिळणार?" कायदा सल्ला केंद्रात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं भरून द्यायचं काम मी करते. तिथे येणारी प्रत्येक नवी व्यक्ती हाच आकडा डोक्यात घेऊन येते. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. घटस्फोटित जोडीदाराची पोटगी हा एक हक्क आहे आणि मुलाची पोटगी हा त्याहून पूर्ण वेगळा हक्क आहे. तडजोडीच्या घाईत दोन्ही एका रकमेत गुंडाळले जातात आणि त्यात मुलाचं नुकसान होतं. म्हणून अर्जात, तडजोडीत, कोर्टाच्या हुकमात, सगळीकडे दोन वेगळ्या रकमा लिहून घ्यायच्या. पुढचं सगळं हे धरूनच वाचा.

कोण मागू शकतं, आणि कोणत्या कायद्याने

सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू असणारा मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हेच पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नवा क्रमांक आला, पण कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे "एकशे पंचवीसची केस" असंच म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका. या कलमाखाली पत्नी, अल्पवयीन मुलं आणि आई-वडील पोटगी मागू शकतात. "पत्नी" या शब्दात घटस्फोटित पत्नीही येते, तिने दुसरं लग्न करेपर्यंत. मूल लग्नातून झालेलं असो वा लग्नाबाहेर, त्याचा हक्क सारखाच. घटस्फोटित मुस्लीम महिलेलाही या कलमाचा आधार घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. तिच्यासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदाही आहेच.

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा चालू असेल तर तीन कलमं लक्षात ठेवा. कलम २४ म्हणजे दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च. कलम २५ म्हणजे निकालाच्या वेळी किंवा निकालानंतर कधीही मागता येणारी कायमस्वरूपी पोटगी. कलम २६ म्हणजे मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण. घटस्फोट होऊन गेला, तेव्हा पोटगी मागितली नव्हती, आता मार्ग बंद झाला, असं समजून बसलेल्या बायका मला नेहमी भेटतात. मार्ग बंद झालेला नसतो. कलम २५ चा अर्ज नंतरही करता येतो, तो ज्या कोर्टाने घटस्फोट दिला त्याच कोर्टात करायचा.

रजिस्टर पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम ३६, ३७ आणि ३८ ही तशीच तरतूद करतात. ख्रिस्ती आणि पारशी कायद्यांतही तशी कलमं आहेत. छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पोटगीसोबत राहत्या घराचा हक्कही मागता येतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचं. गोव्यातल्या वाचकांनी मात्र तिथल्या वकिलाचा वेगळा सल्ला घ्यावा. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे आणि वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे तिथे पोटगीच्या आधी वाटणीचा प्रश्न येतो.

नवऱ्यालाही पोटगी मागता येते का? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली, हो. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या घटस्फोटित पत्नीने पूर्वीच्या नवऱ्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला. कलम १४४ खाली मात्र नवऱ्याला हा हक्क नाही.

आणि "बायको शिकलेली आहे, तिला कशाला पोटगी?" हे वाक्य. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. लहान मूल सांभाळण्यासाठी जिने नोकरी सोडली, तिची पदवी दाखवून पोटगी नाकारता येत नाही. ती नोकरी करत असेल तर तिचा पगार हिशेबात धरला जातो, एवढंच. तेवढ्या पगारात पूर्वीसारखं राहणं तिला जमतं का, हे कोर्ट पाहतं. तिची रक्कम कमी झाली किंवा अगदी नाकारली गेली, तरी मुलाच्या रकमेचा विचार स्वतंत्रपणे होतो.

पहिली पायरी: भांडण विसरून कागद जमवा

घर सोडताना लोक दागिने घेतात आणि कागद विसरतात. शक्य असेल तर आधी कागदांचे फोटो काढून ठेवा. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांची आधार कार्डं, स्वतःच्या बँक खात्याचे तीन वर्षांचे उतारे हे तर हवेतच.

समोरच्याच्या उत्पन्नाचा पुरावा मिळवणं हे खरं कष्टाचं काम. जुनी पगारपत्रकं, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, गृहकर्जाच्या अर्जात त्याने स्वतः लिहिलेलं उत्पन्न, विम्याच्या पॉलिसी, गाडीचं आरसी बुक, जे हाताशी आहे ते ठेवा. शेतजमीन असेल तर सात-बारा आणि आठ-अ उतारे महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून कोणालाही पाहता येतात. "माझं काहीच नाही, सगळं वडिलांच्या नावावर आहे" असं म्हणणाऱ्याच्या बाबतीत आठ-अ उतारा फार उपयोगी पडतो, कारण एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन त्यावर एकत्र दिसते. उसाची बिलं, दूध संघाकडून खात्यात जमा होणारी रक्कम, दुकानाचं जीएसटी, घरभाडं, यातलं काही माहीत असेल तर तारखेसह लिहून काढा.

कागद हाती नसेल तरी हताश होऊ नका. त्याच्या कंपनीकडून किंवा कार्यालयाकडून पगाराचा दाखला मागवावा, असा अर्ज कोर्टात देता येतो. त्यासाठी तुम्हाला कार्यालयाचं नाव, पत्ता आणि जमल्यास कर्मचारी क्रमांक माहीत हवा.

मुलाच्या खर्चासाठी वेगळी फाईल करा. शाळेच्या फीच्या पावत्या, रिक्षावाल्या काकांना किंवा बसला दिलेले पैसे, क्लासची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं. रिक्षावाले पावती देत नाहीत, म्हणून त्यांना गूगल पे किंवा फोन पेने पैसे द्या, तोच पुरावा.

दुसरी पायरी: कोर्ट, वकील आणि खर्च

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं, पुण्यात शिवाजीनगरचं, नागपूरचं अशी कुटुंब न्यायालयं आहेत. इतरही अनेक जिल्ह्यांत आहेत. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे कलम १४४ चा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. कलम १४४ चा अर्ज पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणीही करता येतो. सासर लातूरला आणि तुम्ही आता माहेरी साताऱ्याला असाल तर साताऱ्यात अर्ज करा. दर तारखेला प्रवास करायची गरज नाही.

महिला आणि मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे, आणि त्यासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फीची माफी आहे. तुम्ही महिला आहात आणि तरीही कोणी तुमच्याकडे "कोर्ट फी" म्हणून मोठी रक्कम मागितली तर ती कशाची, हे विचारा.

कुटुंब न्यायालयात आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे नांदायला परत जाण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. उलट मुलाच्या फीपुरतं तरी आज ठरवू या, असं तिथे सांगून बघा. वाद पूर्ण मिटला नाही तरी कधी कधी तेवढं ठरून जातं.

उशीर करू नका, हे मात्र कळकळीने सांगते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या "रजनेश विरुद्ध नेहा" या निकालात घालून दिलं आहे. म्हणजे निकाल तीन वर्षांनी लागला तरी थकबाकी अर्जाच्या दिवसापासून धरली जाते. पण "थोडं थांबू, तो सुधारेल" म्हणत अर्जाविना घालवलेले महिने परत मिळत नाहीत. समेटाची आशा असली तरी अर्ज करता येतो, समेट झाला तर तो मागे घेता येतो.

तिसरी पायरी: मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र

सगळं प्रकरण इथे ठरतं, त्यामुळे इथे वेळ द्या. वर सांगितलेला निकाल मुळात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातल्या प्रकरणातून आला. तिथे पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरली होती, तीही मागच्या तारखेपासून, सप्टेंबर २०१३ पासून. बघा, मुलाची रक्कम वेगळी आहे आणि मूल मोठं झाल्यावर ती दुप्पट केलेली आहे. तुमच्या अर्जात नेमकं हेच मागायचं आहे.

त्याच निकालाने देशभरच्या कोर्टांना सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचंच. त्याचा ठरलेला नमुना आहे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरच्याला उत्तर आणि प्रतिज्ञापत्र द्यायला चार आठवडे मिळतात. तो टाळाटाळ करत राहिला तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकून हाती असलेल्या कागदांवर निर्णय देऊ शकतं. तुमच्या वकिलाला तारखेच्या दिवशी ही आठवण करून द्या.

भरताना लोक काय करतात ते सांगते. मासिक खर्चाच्या रकान्यात "घरखर्च ३०,०००" असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. समोरचा वकील उलटतपासणीत विचारतो, कशाचे तीस हजार? आणि बाई गप्प होते. त्याऐवजी तपशील लिहा. समजा पुण्यात आई आणि आठ वर्षांचा मुलगा भाड्याच्या घरात राहतात. भाडं १२,०००, सोसायटी आणि वीज १,८००, किराणा ७,०००, दूध-भाजी ४,५००, गॅस १,०००, आईचा प्रवास आणि फोन २,०००. मग मुलाचा वेगळा तक्ता: शाळेची फी वर्षाला ४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००, रिक्षा १,५००, क्लास १,५००, वह्या-गणवेश वर्षाचे धरून ७००, डॉक्टर-औषधं ८००, पोहणं किंवा तबला ८००. मुलाचा थेट खर्चच ९,३०० झाला. त्यात भाड्यातला आणि जेवणातला त्याचा वाटा धरा. मुलालाही छप्पर लागतं, हे अर्जात लिहायचं राहून जातं.

हे आकडे मी फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही लिहा. फुगवू नका. एका ठिकाणी आकडा खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. स्वतःचं उत्पन्नही लपवू नका. शिवणकामाचे चार हजार येत असतील तर चार हजार लिहा. लपवलेलं बँक उताऱ्यात सापडतंच, आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल कारवाई होऊ शकते. दुसऱ्या कोर्टात आधी काही पोटगी ठरली असेल तर तीही इथे सांगावी लागते, कारण ती रक्कम वजा करून नवी ठरते.

समोरच्याचं प्रतिज्ञापत्र आलं की पेन घेऊन बसा. पगारपत्रकात पीएफ, सोसायटीचं कर्ज, गाडीचा हप्ता, ऐच्छिक बचत असं कापून "हातात फक्त २२,००० येतात" असं दाखवलेलं असतं. आयकर, व्यवसाय कर अशा सक्तीच्या कपाती कोर्ट मान्य करतं. स्वतःहून काढलेलं कर्ज आणि बचत सहसा पोटगीच्या आधी धरत नाही. कर्जाची तारीख बघा. भांडण सुरू झाल्यावर काढलेलं कर्ज असेल तर ते वकिलाला दाखवा.

चौथी पायरी: अंतरिम पोटगी

मुख्य अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लावावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ जातो, आणि पहिला अडथळा असतो समन्सची बजावणी. नवऱ्याचा घरचा आणि कामाचा, दोन्ही पत्ते द्या, मोबाईल क्रमांक आणि ईमेल द्या. पत्ता चुकला की दोन-तीन महिने सहज जातात.

किती रक्कम?

ठरलेलं सूत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य मानली होती, म्हणून तो आकडा सगळीकडे फिरतो. तो अंदाजासाठी ठीक आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. कोर्ट पाहतं ते असं: दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता, लग्न किती वर्षं टिकलं, लग्नात राहणीमान काय होतं, पत्नीने घरासाठी नोकरी सोडली का, वय आणि आजारपण, मुलं कोणाकडे आहेत, नवऱ्यावर त्याच्या आई-वडिलांची जबाबदारी किती आहे. धडधाकट माणसाने "मला काम नाही" म्हणून हात झटकले तर ते चालत नाही; मोलमजुरी करूनही बायको-मुलांना पोसणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे.

मुलाच्या खर्चात कमावत्या आईचाही वाटा धरला जातो. २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आई-वडील दोघेही कमावत असताना त्यांच्या पगारांच्या प्रमाणात वडिलांचे दोन आणि आईचा एक अशी विभागणी केली होती. दोघंही नोकरी करत असाल तर हा हिशेब आधी घरी करून बघा, मागणी वाजवी ठेवायला मदत होते.

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना

इथे कोर्ट रक्कम ठरवत नाही, तुम्ही ठरवता. म्हणूनच इथे सगळ्यात जास्त सावध राहायचं. संमतीच्या अटी, ज्यांना सगळे "कन्सेंट टर्म्स" म्हणतात, त्यावर सही झाली की त्या बदलणं फार कठीण. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचा काळ असतो; समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, ताबा वगैरे मिटलेलं असेल तर तो माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं २०१७ मध्ये ठरलं. पण काळ वाचवायच्या घाईत अटी अर्धवट ठेवू नका.

मसुद्यात "मुलाचा खर्च वडील करतील" असं मोघम वाक्य दिसलं की थांबा. उद्या वडील म्हणतील, मी वाढदिवसाला सायकल दिली, झाला खर्च. वाक्य असं हवं: अमुक मुलाच्या पालनपोषणासाठी वडील दरमहा अमुक रुपये, प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आईच्या अमुक बँक खात्यात जमा करतील; ही रक्कम दर वर्षी जूनपासून १० टक्क्यांनी वाढेल; शाळा-कॉलेजची फी याखेरीज असून ती वडील पावती मिळाल्यापासून १५ दिवसांत थेट संस्थेकडे भरतील; रुग्णालयाचा खर्च विम्याव्यतिरिक्त उरेल तो अमुक प्रमाणात वाटून घेतला जाईल. वाढीची टक्केवारी तुमची तुम्ही ठरवा, पण वाढ लिहा. आज पहिलीत असलेल्या मुलाला ठरलेले ६,००० रुपये दहावीत पुरणार नाहीत.

"मला आणि मुलाला भविष्यात काहीही नको" असं लिहून देण्यासाठी दबाव येतो. सुटका हवी म्हणून बायका सही करतात, आणि त्यांची मनःस्थिती मला समजते. पण आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार तिला नाही. अशी सही आधीच झालेली असेल तरी मुलाच्या नावाने वडिलांकडे पोटगी मागता येते, हे त्या आईने ध्यानात ठेवावं.

स्त्रीधन, दागिने, घरातलं सामान, दोघांच्या नावावरचा फ्लॅट आणि त्याचं कर्ज हे पोटगीत मिसळू नका. त्यांची यादी वेगळी. दुसऱ्या अर्जाच्या तारखेआधी जे मिळायचं ते खात्यात आलं का, हे बघूनच कोर्टासमोर हो म्हणा.

एकरकमी घ्यावी की दरमहा? ज्याची नोकरी पक्की नाही, जो परदेशात जाण्याच्या तयारीत आहे किंवा जो तारखांना येत नाही, त्याच्याकडून एकरकमी बरी. पगारदार, सरकारी नोकरीतला माणूस असेल तर दरमहाची वसुली सोपी जाते. माझं मत विचाराल तर पत्नीची रक्कम एकरकमी आणि मुलाची दरमहा, ही वाटणी बहुतेक घरांना जमते. मुलासाठी एकरकमी मिळालीच तर ती मुलाच्या नावावर मुदत ठेवीत ठेवण्याची अट घाला. दरमहा मिळणारी पत्नीची पोटगी उत्पन्न म्हणून करपात्र धरली जाते, तर एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची असते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटलं होतं. मोठी रक्कम असेल तर सीएला विचारूनच मसुदा पक्का करा.

पैसे आले नाहीत तर

हुकूम हातात पडला की लोकांना वाटतं, काम झालं. पुढे दोन महिने पैसे येतात, तिसऱ्या महिन्यात निम्मे, मग बंद. तेव्हा करायचं काय?

आधी हुकमाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. पासबुकावरून तक्ता करा: महिना, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, बाकी. हा तक्ता वसुली अर्जाला जोडायचा. कलम १४४ च्या हुकमाची थकबाकी वसूल करायचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत हुकल्यामुळे अनेकींची जुनी थकबाकी गेली आहे. म्हणून वर्ष भरायची वाट न बघता दर तीन-चार महिन्यांनी अर्ज टाका. नवरा दुसऱ्या गावी गेला असेल तर तिथल्या कोर्टातही हुकमाची अंमलबजावणी करता येते.

कोर्ट जप्तीचं वॉरंट काढू शकतं, आणि तरीही पैसे भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, ते उभंच राहतं. पगारदार असेल तर पगारातून कपात करून घेण्याचा अर्ज सगळ्यात कामाचा. दिवाणी अंमलबजावणीत, म्हणजे दरखास्तीत, पोटगीच्या हुकमासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर मालकाला थेट बाईच्या खात्यात रक्कम भरायला सांगता येतं. नांदेडच्या ज्या शिक्षिकेचा उल्लेख वर आला, तिच्या बाबतीतही थकबाकीसाठी मुख्याध्यापकांना तिच्या पगारातून दरमहा ५,००० कापायचा आदेश होता.

ज्यांना पोटगी द्यायची आहे त्यांच्यासाठी: रोख देऊ नका, बँकेतूनच पाठवा आणि तपशिलात "पोटगी, मार्च" असं लिहा. मुलाच्या आईला रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करता येत नाहीत. नोकरी गेली तर गप्प बसून थकबाकी वाढू देऊ नका, त्याच महिन्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज करा. अर्ज न करता थांबवलेले पैसे थकबाकीच ठरतात.

मूल भेटू देत नाहीत म्हणून पोटगी थांबवता येत नाही, आणि पोटगी येत नाही म्हणून वडिलांना मुलाची भेट नाकारता येत नाही. दोन्हीसाठी वेगळे अर्ज आहेत. या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी मुलाला मध्ये धरलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात मूलच दुखावतं.

रक्कम कधी बदलते, कधी थांबते

परिस्थिती बदलली की रक्कम वाढवायचा किंवा कमी करायचा अर्ज दोघांनाही करता येतो. नवऱ्याला बढती मिळाली, नवा वेतन आयोग लागू झाला, मुलाला मोठा आजार निघाला, पत्नीला चांगली नोकरी लागली, ही सगळी कारणं चालतात. पत्नीने पुन्हा लग्न केलं तर तिची पोटगी थांबते किंवा थांबवून घेता येते. मुलाची मात्र चालूच राहते. आईच्या दुसऱ्या लग्नाने वडिलांचं वडीलपण संपत नाही.

कलम १४४ खाली मुलाची पोटगी साधारण १८ वर्षांपर्यंत. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही मिळते. मुलीच्या बाबतीत १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जास्त उदार आहे: स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी १८ नंतरही वडिलांकडे निर्वाह मागू शकते, आणि तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं, मात्र त्यासाठी त्या कायद्याच्या कलम २० खाली वेगळी मागणी करावी लागते. मुलगी अकरावीत गेली की वकिलाशी याबद्दल बोलून घ्या, कारण बारावीनंतरची मोठी फी आणि अठरावा वाढदिवस बहुतेक घरांत एकाच वर्षात येतात.